बाहेर उणे २५, आत लवंगी: घरातल्या तंबूत बियांपासून मिरची

वाफा | ११ जानेवारी

मंडळी, मी मिनियापोलिसजवळ राहतो. आज सकाळी बाहेर उणे २५ होतं आणि तळघरात मी लवंगीचं बी टोकलं. हे तिसरं वर्ष. "मिरचीचं बी उगवतच नाही" आणि "उगवलं, पण आठवड्यात मेलं" हे दोन प्रश्न इकडची मराठी मंडळी मला सारखी विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

एवढा खटाटोप कशाला, ते आधी. इथे हालापेन्यो आणि सेरानो या मिरच्या बारा महिने मिळतात. सेरानोचा ठेचा करून पाहिला. तिखट होतो, पण साल जाड, त्यामुळे तव्यावर पाणी सुटतं आणि मिरची भाजायच्या ऐवजी शिजते. लवंगीची साल पातळ. तेलात पडली की तडतडून फोड येतात, आणि तांब्याच्या बुडाने तव्यावरच रगडली की लसूण-दाण्यांत मिसळून जाते. ती मिरची इथे बाजारात मिळत नाही. अंगणात बी टाकावं, तर मेच्या मध्यापर्यंत पहाटेचं दव गोठतं आणि ऑक्टोबरात पुन्हा गोठायला लागतं. बी टोकल्यापासून लाल मिरची हातात यायला चार-पाच महिने लागतात, त्यामुळे सुरुवात घरातच करावी लागते.

सामान: घरात झाडं वाढवायचा ४ बाय २ फुटांचा, ५ फूट उंच तंबू, आतून चंदेरी. २०० वॉटचा एलईडी दिवा, मंद करता येणारा. हवा बाहेर टाकणारा ४ इंची पंखा आणि आत फिरणारा एक लहान पंखा. ट्रेखाली घालायची गरम चटई, तिचा थर्मोस्टॅट, ७२ खणांचा प्रोट्रे, आणि मातीत खोचायचा साधा थर्मामीटर. या यादीत थर्मामीटर सगळ्यात स्वस्त आहे आणि माझं पहिलं वर्ष तो नसल्यामुळेच वाया गेलं. कार्बन फिल्टरवर पैसे घालू नका, मिरचीच्या झाडाला घरभर पसरेल असा वास नसतो.

पहिल्या वर्षी ७२ खणांत ९ रोपं आली. तंबूतली हवा २३ अंश होती म्हणून मी निर्धास्त होतो. तीन आठवड्यांनी मातीचं तापमान मोजलं, तर १७. ट्रे तळघराच्या काँक्रीटवर ठेवलेला, आणि ओल्या मातीतून पाणी उडतं तसतशी ती हवेपेक्षा गार होत जाते. मिरचीच्या बियांना माती २५ ते ३० अंश लागते, २८ असेल तर उत्तम. १७ वर बी फुगतं, पण पुढे काही होत नाही, आणि ओलीत पडून कुजतं. दुसऱ्या वर्षी ट्रेखाली चटई आणि चटईखाली थर्माकोल घातलं. त्याच पाकिटातल्या बियांपैकी ६१ उगवल्या. आठव्या दिवशी पहिली.

एक सांभाळा: थर्मोस्टॅटची काडी मातीत, बियांच्या खोलीवर खोचा. ती हवेत लोंबत राहिली, तर हवा २८ होईपर्यंत चटई तापतच राहते आणि तोवर मुळाशी माती भाजून निघते.

ज्वाला, संकेश्वरी, भिवापुरी या कॅप्सिकम अॅन्युअम जातीच्या मिरच्या आठ-दहा दिवसांत दिसतात. भूत जोलोकिया किंवा हाबानेरो म्हणजे कॅप्सिकम चायनेन्स. त्यांना दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. त्यांचा ट्रे अॅन्युअमच्या आधी तीन आठवडे लावा, आणि दहाव्या दिवशी निराश होऊन उलटा करू नका.

बी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल नको. उगवताना रोप आधी हेअरपिनसारखं वाकडं येतं, मग मान सोडवून सरळ होतं. कधीकधी बियाचं टरफल पानांवर टोपीसारखं अडकून राहतं. ओढू नका, पानं तुटतात. पाण्याचा एक थेंब टरफलावर ठेवा, अर्ध्या तासाने ओल्या टूथपिकने हळूच सरकवा. घसरून निघतं.

शेवंती | ११ जानेवारी

फार उपयोगी! मी टोरंटोत आहे. माझा प्रश्न बियांचाच. आईने दिलेल्या वाळलेल्या मिरच्यांतल्या बिया टोकल्या होत्या, ४० मधली एकही आली नाही. माती तुम्ही म्हणता तशी गरम होती, मोजली होती.

वाफा | १२ जानेवारी

शेवंती, मसाल्याची मिरची कडक उन्हात किंवा भट्टीत वाळवलेली असते आणि दुकानात यायच्या आधी पोत्यात वर्षभर पडलेली असू शकते. मिरचीचं बी थंड, कोरड्या जागी दोन-चार वर्षं टिकतं, पण तापलं की जातं. लावायचंच असेल, तर सावलीत वाळलेल्या, या हंगामातल्या मिरचीचं घ्या.

आणि बी सामानात घालून आणू नका. अमेरिकेत बियाण्याला परवाना किंवा फायटोसॅनिटरी (म्हणजे रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं, आणि टोमॅटो-मिरचीच्या बियांवर २०१९ पासून जादा निर्बंध आहेत, कारण टोमॅटोचा एक विषाणू बियांतून पसरतो. कॅनडाचे नियम तुमचे तुम्ही बघा. ज्वालाचं बी इकडच्या विक्रेत्यांकडे सहज मिळतं, पहिल्या वर्षी तेच घ्या. ती भारतातल्या शेतकी संशोधन संस्थेत, पुसाला, तयार झालेली जात आहे. संकरित नाही, त्यामुळे तिचं बी पुढच्या वर्षी धरता येतं.

बांधावर | १२ जानेवारी

उमरेडकडचा आहे, घरी मिरची होते. वाफा, चांगलं लिहिलंत. थोडी भर घालतो.

बी धरायचं असेल तर ते संकरित नाही ना, हे आधी बघा. संकरित मिरचीचं बी उगवतं, पण लेकरं आईवर जात नाहीत. एकाच वाफ्यातून लांब, आखूड, तिखट, फिकी सगळी निघतात. सरळ वाणाचं बी धरतानाही शेजारी दुसरी मिरची फुलत असेल तर भेसळ होते. फूल स्वतःचं परागण स्वतः करतं हे खरं, पण मधमाशी आली की बाहेरचा पराग आलाच. तुमच्या तंबूत मधमाशी नाही, हा मोठा फायदा. आम्ही निवडलेल्या फांदीवर मलमलीची पिशवी बांधतो, फळ धरलं की काढतो आणि त्या फळाला दोरा बांधून ठेवतो. बियाची मिरची झाडावर पूर्ण लाल होऊन देठ सुकायला लागल्यावरच तोडायची.

भिवापुरीचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण गावात आता संकरित वाण जास्त दिसतात, कारण तोडे जास्त मिळतात. जुनं बी ज्यांच्या घरी आहे ते जपून वापरतात. तुमच्याकडे भिवापुरी म्हणून जे बी आहे ते कुठून आलं, नीट चौकशी करा. नावावर काहीही विकलं जातं आणि ते मला खटकतं.

रोपाची मर लागू नये, म्हणजे कोवळी रोपं मातीलगत कुजून कोलमडू नयेत, म्हणून बियाला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळा. आम्ही एक किलो बियाला पाच ग्रॅम घेतो. तुमच्या चिमूटभर बियांना बोटावर येईल तेवढं पुरे.

वाफा | १३ जानेवारी

बांधावर दादा, मनापासून आभार. मरीचाच मुद्दा आता लिहितो, कारण दुसऱ्या वर्षी ६१ रोपं आली आणि त्यातली २४ मी माझ्या हाताने घालवली.

शेतात पाऊस जास्त झाला तर वाफसा यायची वाट बघता येते. ऊन पडतं, वारा सुटतो, माती सुकते. तंबूत ऊन आपण, वारा आपण, पाऊसही आपणच. माती सुकली की नाही हे बघणारं दुसरं कुणी नाही. मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी फवारा मारायचो, काळजीपोटी. बाराव्या दिवशी एका कोपऱ्यातली रोपं आडवी झाली. जवळून बघितलं तर वर पानं हिरवीगार, टवटवीत, आणि मातीलगत देठ दोऱ्याएवढा बारीक, पाणचट, करडा. चिमटीत धरला की कुसकरतो. एकदा ते दिसलं की रोप वाचत नाही. दोन दिवसांत शेजारचे खण गेले.

आता मी ट्रे उचलून बघतो. भिजलेल्या आणि सुकलेल्या ट्रेच्या वजनातला फरक हाताला आठवड्यात कळायला लागतो. हलका लागला तरच पाणी, आणि तेही खालच्या ताटात ओतून. अर्ध्या तासात माती जेवढं पिते तेवढं ठेवून उरलेलं काढून टाकतो. वरची माती कोरडी राहिली की मर कमी होते आणि चिलटांसारख्या त्या काळ्या माश्याही होत नाहीत. रोप उगवलं की ट्रेवरचं झाकण त्याच दिवशी काढा. चटई दोन-तीन दिवसांत बंद करा, नंतर २१ ते २४ अंश पुरतात. फिरता पंखा पहिल्या दिवसापासून मंद चालू. पानं जेमतेम थरथरली पाहिजेत.

निवडुंग | १४ जानेवारी

श्टुटगार्टहून नमस्कार. दिव्याबद्दल लिहा ना. माझी रोपं दरवर्षी किडकिडीत, लांब मानेची होतात आणि शेवटी कलंडतात.

वाफा | १४ जानेवारी

निवडुंग, उजेड कमी पडतोय. खिडकीतला हिवाळी उजेड मिरचीला पुरत नाही, तुमच्या अक्षांशावर तर नाहीच. बी मातीत असताना दिवा नाही लावला तरी चालतं. पहिलं हिरवं टोक दिसलं की त्याच संध्याकाळी लावा. एक दिवस उशीर झाला तरी मान लांबते, आणि लांबलेली मान परत आखूड होत नाही.

लहान रोपांना १५० ते २५० पीपीएफडी (पानांवर पडणाऱ्या, झाडाच्या उपयोगाच्या उजेडाचं माप), चार-सहा खरी पानं आली की ३०० ते ५००. मोजायचं साधन नसेल तर रोपाकडे बघा. दोन पेऱ्यांतलं अंतर वाढत असेल तर दिवा खाली घ्या. पानं वरच्या बाजूला द्रोणासारखी वळून कडक झाली, शेंडा फिकटला, तर वर घ्या. दिवसाला १६ तास देतो, आठ तास अंधार. चोवीस तास दिवा लावू नका, मिरचीला रात्र लागते.

वीज किती जाते असं कालच एकाने निरोपात विचारलं. माझा दिवा सुरुवातीला अर्ध्या ताकदीवर, म्हणजे १०० वॉट. १६ तासांचं दीड-पावणेदोन युनिट, महिन्याला ४८. पंखे, चटई धरून ६० पर्यंत.

निवडुंग | १५ जानेवारी

समजलं. मी नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) लावतो आणि गांडूळखत अजिबात घालत नाही, घरात माश्या होतात.

बांधावर | १५ जानेवारी

गांडूळखत चांगलं कुजलेलं असेल तर माश्या होत नाहीत. कच्चं असेल तर होतात. कोकोपीट मात्र धुऊन घ्या. नारळ किनाऱ्याचा, काथ्या बरेचदा खाऱ्या पाण्यात भिजवलेला. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं, आणि रोपाच्या वाटचं कॅल्शियम ते स्वतः धरून बसतं. नवीन पानं वेडीवाकडी, आक्रसलेली दिसली की लोक रोग समजून फवारे मारत सुटतात.

निवडुंग | १५ जानेवारी

अगदी हेच झालं होतं मागच्या वर्षी! पानं आक्रसली आणि मी कडुलिंबाच्या तेलाचे चार फवारे मारले. यंदा आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून ठेवतो. पण गांडूळखताबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे, घरात नकोच.

दर्या | १८ जानेवारी

गोव्यातल्या काणकोणची आहे, सध्या लंडनमध्ये. आमच्या खोल्याची मिरची इथे लावायची खूप इच्छा आहे. २०१९ मध्ये तिला मानांकन मिळालं तेव्हा घरी किती आनंद झाला होता! पण तिकडे ती डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर होते. तंबूत तो पाऊस कुठून आणू?

बांधावर | १८ जानेवारी

उतारावर पाऊस पडतो, पण पाणी मुळाशी थांबत नाही. तेवढंच तंबूत जमवा. कुंडीत एक वाटा परलाईट (पाणी निथळायला मातीत घालतात ते हलके पांढरे खडे) घाला, खाली भोकं मोकळी ठेवा. चव तीच येईल असं मी म्हणणार नाही, माती वेगळी, हवा वेगळी. पण झाड येईल.

वाफा | २१ फेब्रुवारी

प्रगती सांगतो, आणि एक मोठी चूकही.

७२ पैकी ६६ उगवली. मरीत फक्त दोन गेली. दोन खऱ्या पानांवर ४ इंची कुंड्यांत हलवली, चांगली तगली. मग गेल्या पंधरवड्यात जुन्या पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, टोकापासून आत, जाळून काढल्यासारख्या. मला वाटलं खत जास्त झालं. खत बंद केलं, तरी वाढतच गेलं. चार रात्री मी तळघरात रोपांसमोर बसून काढल्या.

कारण पाणी. आमच्या घरी वॉटर सॉफ्टनर आहे, इकडे बऱ्याच घरांत असतो. तो पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम घालतो. मागची दोन वर्षं मी अंगणातल्या नळाची कॅन भरून ठेवायचो. तो नळ सॉफ्टनरच्या आधी जोडलेला आहे. यंदा तो लवकर गोठला म्हणून तळघरातल्या नळाचं पाणी घातलं. म्हणजे महिनाभर मी रोपांना मिठाचं पाणी पाजत होतो. आता दुकानातून गाळलेलं पाणी आणतो आणि प्रत्येक कुंडीतून तिच्या तिप्पट पाणी वाहू देऊन माती धुऊन काढली. नवीन पानं स्वच्छ येताहेत. जुनी तशीच राहतील. ज्यांच्या घरी सॉफ्टनर आहे त्यांनी बी टोकायच्या आधी नळ शोधा.

चाफेकळी | २३ फेब्रुवारी

पुण्यात आहे, दक्षिणमुखी बाल्कनी. हे सगळं वाचून तंबू घ्यावासा वाटतोय. घेऊ का?

बांधावर | २३ फेब्रुवारी

ताई, नका घेऊ. पुण्याचं ऊन फुकट आहे, आणि एप्रिलमध्ये बंद तंबूत दिवा लावलात तर फुलं गळतील. दिवसा ३२-३३ च्या वर गेलं की मिरची फूल टाकते. आपल्याकडे खरिपाचं बी मे-जूनमध्ये, रब्बीचं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, उन्हाळीचं जानेवारी-फेब्रुवारीत. तुम्ही या आठवड्यात टाकलंत तरी चालेल. तंबूच्या पैशात बारीक जाळी घ्या आणि रोपं पहिला महिना जाळीत ठेवा. आपल्याकडचा खरा वैरी पांढरी माशी. बोकड्याचा, म्हणजे पानं आक्रसण्याच्या रोगाचा, विषाणू तीच आणते, आणि बोकड्या लागलेल्या झाडाला औषध नाही, उपटून टाकावं लागतं.

पानं वळली म्हणजे लगेच बोकड्याच, असंही नाही. होडीसारखी वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे. खालच्या बाजूला, उलट्या होडीसारखी वळून देठ लांबले तर कोळी. तो कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. दोघांची औषधं वेगळी, म्हणून आधी पान उलटून बघा.

चाफेकळी | २३ फेब्रुवारी

किती नेमकं सांगितलंत दादा. जाळी आजच आणते.

वाफा | ६ एप्रिल

ज्वाला फुलावर आली. पहिली सात-आठ फुलं गळली. रात्री तळघर १३ अंशांवर जात होतं. १५ च्या खाली फळ धरत नाही, म्हणून चटई परत काढून रात्री कुंड्यांखाली घातली, तेव्हा थांबलं.

वारा आणि माशी नसल्याने परागण हाताने. विजेवर चालणारा टूथब्रश फुलाला न लावता त्याच्या मागच्या देठाला दोन सेकंद टेकवतो. दुपारी केलं तर जांभळट परागकोशातून पिठूळ धूर निघाल्यासारखा पराग उडतो, दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसतो. सकाळी केलं तर काहीच निघत नाही, कोश उघडलेले नसतात. तीन-चार दिवसांत पाकळ्या सुकून मागे हिरवी गाठ दिसली, की धरलं समजा. हे रोजचं पाच मिनिटांचं काम मला दिवसातलं सगळ्यात आवडतं.

लवंगीचा शेंडा सहाव्या पानावर खुडला होता, ती आता झुडपासारखी झाली आहेत.

शेवंती | ७ एप्रिल

माझी ज्वाला १९ आली! एक विचारते, भूत जोलोकियाही लावावी का? मुलगा मागे लागलाय. त्याला ती २००७ मध्ये जगातली सगळ्यात तिखट ठरलेली मिरची हवी आहे.

वाफा | ७ एप्रिल

लावा, झाड देखणं होतं. मात्र आता तिखटाचा विक्रम २०२३ पासून पेपर एक्सकडे आहे, जवळजवळ २७ लाख स्कोव्हिल (तिखटपणाचं माप), हे त्याला सांगा. ठेच्याला यातलं काही उपयोगाचं नाही असं माझं ठाम मत आहे, तिखटापुढे लसूणही लागत नाही. आणि लहान मूल घरात असेल तर चिरताना हातमोजे घाला. तिखट बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात असतं, आणि ते पाण्याने जात नाही. मी एकदा नुसते हात धुऊन चार तासांनी डोळ्याला लावले होते. आधी तेल चोळा, मग साबण.

वाफा | २४ मे

रोपं बाहेर गेली. दहा दिवस सवय लावली: पहिल्या दिवशी सावलीत एक तास, मग रोज थोडं वाढवत. दिव्याखाली वाढलेलं पान खऱ्या उन्हात थेट ठेवलं तर दुपारपर्यंत पांढरं पडतं. रात्री १२ अंशांच्या खाली जायच्या थांबल्या तेव्हा वाफ्यात लावली. ३० अंगणात, ६ कुंड्यांत. त्या कुंड्या ऑक्टोबरात छाटून परत तंबूत येतील. बाकी रोपं इकडच्या मराठी मंडळात वाटली, प्रत्येकाला थर्मामीटर घ्यायला सांगून.

दर्या | २ जून

खोल्याची तीन झाडं उभी आहेत. एकीला कळी आहे. आईला फोनवर दाखवली, ती म्हणाली, पान आपल्यासारखंच आहे.

वाफा | ६ जुलै

काल लवंगीचा पहिला तोडा. हिरव्या, बोटाच्या पेराएवढ्या, ४० मिरच्या. तव्यावर तेल, लसणाच्या १२ पाकळ्या, भाजलेले दाणे, जाडं मीठ. मिरच्या टाकल्या तशी सगळं घर खोकायला लागलं, मुलीने खिडक्या उघडल्या. तांब्याने रगडताना पाणी सुटलं नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर चौघांनी सगळा संपवला.

बांधावर दादा, एका झाडाच्या फांदीला पिशवी बांधली आहे. आत तीन फळं धरली आहेत, दोरा लाल रंगाचा घेतलाय.